आधी सोपं, आणि तेही पुष्कळ

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्या वर्षी पहिलीत बसलेल्या मुलांनी आता तिशी ओलांडली आहे आणि त्यांचीच मुलं आज सोनपेठ तालुक्यातल्या जिल्हा परिषद शाळांत इंग्रजी शिकताहेत. एवढ्या वर्षांत आपल्या वर्गांतून कविता पाठ झाल्या, रंगांची आणि प्राण्यांची नावं पाठ झाली, स्पेलिंगंही पाठ झाली. चौथीतलं मूल शिकवून झालेला धडा घडाघडा म्हणून दाखवतं. त्याच मुलापुढे तितक्याच सोप्या शब्दांचं, पण पूर्वी न पाहिलेलं एक पान ठेवा. बहुतेक वेळा ते पहिल्या ओळीलाच थांबतं आणि तुमच्या तोंडाकडे बघतं. धडा म्हणताना ते वाचत नव्हतं, आठवत होतं.

हा दोष मुलाचा नाही आणि एकट्या शिक्षकाचाही नाही. वर्षभरात त्याच्या वाट्याला येणारा इंग्रजी मजकूरच फार थोडा असतो. पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर नवे शब्द दाटीवाटीने येतात, ते पान समजावण्यात आठवडा जातो आणि मुलाच्या डोळ्यांखालून शेवटी तेच पान दहा वेळा जातं. वाचन मात्र येतं ते सोपी, वेगवेगळी, पुष्कळ पानं वाचून. त्यासाठी स्तरनिहाय गोष्टींची पुस्तकं लागतात: लहान, चित्रांची, मोजक्या शब्दांची आणि सोप्याकडून हळूहळू अवघडाकडे जाणारी.

परक्या भाषेच्या वाचनासाठी अशी पुस्तकं रचण्याच्या कामाची मुळं आपल्याच उपखंडात आहेत. मायकेल वेस्ट हे इंग्रज शिक्षक ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. इंग्रजी शिकणारी बंगाली मुलं वर्षानुवर्षं शिकूनही वाचत का नाहीत, हा प्रश्न त्यांनी धरून ठेवला. मुलांच्या हातातल्या पुस्तकांत थोड्या ओळींत फार नवे शब्द कोंबलेले असतात आणि आलेला शब्द पुन्हा भेटतच नाही, हे त्यांनी दाखवून दिलं. त्यांचा द्वैभाषिकतेवरचा अहवाल १९२६ साली निघाला. त्यानंतर त्यांनी स्वतःच वाचनमाला रचली. तिच्यात नवा शब्द थोडा थोडा येतो आणि आलेला शब्द पुनःपुन्हा भेटत राहतो. शंभर वर्षं होत आली, तरी त्यांनी सांगितलेलं दुखणं आपल्या वर्गात तसंच आहे.

दुसरा दाखला फिजी बेटांवरचा. १९८० च्या सुमारास वॉरविक एली आणि फ्रान्सिस मंगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण शाळांत चौथी-पाचवीच्या वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० इंग्रजी गोष्टीची पुस्तकं दिली. या मुलांची घरची भाषा इंग्रजी नव्हती आणि घरात पुस्तकंही फारशी नव्हती. शिक्षकांनी गोष्टी मोठ्याने वाचून दाखवल्या किंवा रोज थोडा वेळ मुलांना स्वतः वाचू दिलं. पहिल्या आठ महिन्यांतच या मुलांच्या वाचनाची वाढ नेहमीच्या पद्धतीने शिकणाऱ्या मुलांच्या जवळपास दुप्पट वेगाने झाली. गोदाकाठच्या गावातल्या द्विशिक्षकी शाळेला शहरी कॉन्व्हेंटच्या गोष्टींपेक्षा हा अनुभव जास्त जवळचा आहे.

आता आपल्या वर्गाकडे वळू.

पुस्तकं आणण्याआधी एक गोष्ट तपासा: मूल मराठी वाचतं का? जे मूल मराठीतलं सोपं वाक्य अर्थासह वाचू शकत नाही, त्याला इंग्रजी पुस्तक हातात देऊन दोन्हीकडे अडकवू नका. त्याला इंग्रजी गोष्टी ऐकू द्या, चित्रं बघू द्या, बोलू द्या. वाचनाची मेहनत मात्र आधी मराठीत होऊ द्या. तांड्यावरून येणारं मूल घरी गोरमाटी बोलतं. त्याच्यासाठी शाळेतली मराठी हीच दुसरी भाषा असते आणि इंग्रजी तिसरी. त्या मुलाशी एखादं चित्र त्याच्या भाषेत बोललं गेलं, शेजारच्या मुलाने गोरमाटीत गोष्ट सांगितली, तर वेळ वाया गेला असं समजू नका. गोष्ट आधी कळलेली असली की इंग्रजी ओळ निम्मी सुटते.

दुसरी तयारी आवाजांची. ‘सी ए टी कॅट’ असं घोकून मूल वाचायला शिकत नाही, कारण ‘सी’ या नावात ‘क’ ऐकूच येत नाही. अक्षराचं नाव नंतर शिकवा, आधी त्याचा आवाज द्या. एस, ए, टी, आय, पी, एन या सहा अक्षरांचे आवाज आले की सॅट, टॅप, पिन, टिन, नॅप, पॅन असे कितीतरी शब्द मूल स्वतः जोडून वाचतं. ही वाट मराठीत आपल्याला ओळखीची आहे. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी मराठी वाचनासाठी जी पद्धत बसवली, तिच्यातही सगळी वर्णमाला संपण्याची वाट बघत नाहीत. थोडी अक्षरं झाली की लगेच त्यांचे शब्द, वाक्यं आणि अर्थ हाती येतो. इंग्रजीत काही शब्द मात्र आवाज जोडून सुटत नाहीत. द, सेड, वॉज, दे, कम हे शब्द पाहून ओळखायचे असतात. ते फार थोडे आहेत आणि फार वेळा येतात. इंग्लंडमध्ये १९६० च्या दशकात केलेल्या मोजणीत असं आढळलं, की सर्वसाधारण इंग्रजी मजकुराचा निम्मा भाग अवघ्या १०० शब्दांनी भरलेला असतो. म्हणून दर आठवड्याला असे तीन-चार शब्द कार्डावर लिहून भिंतीवर लावा. त्यापेक्षा जास्त नकोत.

एवढ्यावर गोष्टीची पुस्तकं सुरू करता येतात. आवाजांचा सराव आणि गोष्टींचं वाचन एकाच वेळी चालू ठेवा. फक्त चित्र बघून शब्दाचा अंदाज बांधण्याची सवय लागलेलं मूल पुढे चित्र नसलेल्या पानावर अडखळतं. आणि फक्त आवाज जोडणाऱ्या मुलाला आपण हे कशासाठी करतो आहोत तेच कळत नाही.

पुस्तकं कुठून आणायची? प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर इंग्रजी आणि मराठी गोष्टी मोफत मिळतात, छापून घ्यायलाही परवानगी आहे. शाळा बंद असतानाच्या काळात राज्यात ‘गोष्टींचा शनिवार’ हा उपक्रम सुरू झाला आणि आपल्यापैकी अनेकांच्या मोबाईलवर तिथल्याच गोष्टी आल्या. तेव्हाच्या फाईली मोबाईलमध्ये अजून असतील तर पुसू नका. तुलिका प्रकाशनाची इंग्रजी-मराठी जोडपुस्तकं चांगली आहेत, नॅशनल बुक ट्रस्टची स्वस्त आहेत. परदेशी वाचनमालांची रचना नेटकी असते, पण त्यांची किंमत आपल्या शाळांना झेपणारी नाही आणि त्यांच्याशिवाय आपलं अडतही नाही. पैशांचा प्रश्न आलाच तर समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या ग्रंथालयासाठी वर्षाला ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. ते आलं की जाडजूड संदर्भग्रंथ आणि थोरांची चरित्रं घेऊन कपाट भरण्याचा मोह होतो. तो टाळावा. सोळा-सोळा पानांची चाळीस चित्रपुस्तकं पहिली-दुसरीच्या कितीतरी जास्त उपयोगाची.

इथे एक सावधगिरी हवी, कारण बहुतेक ठिकाणी गाडी इथेच अडते. स्टोरीवीव्हरवर पुस्तकांचे चार मुख्य स्तर आहेत. पहिल्या स्तरात साधारण २५० शब्दांपर्यंतच्या गोष्टी येतात, दुसऱ्यात ६०० पर्यंतच्या, तिसऱ्यात १,५०० पर्यंतच्या आणि चौथ्यात त्याहून मोठ्या. हे स्तर भाषा येणाऱ्या मुलाचा विचार करून ठरवलेले आहेत. मराठीतलं पहिल्या स्तराचं पुस्तक सोनपेठचं दुसरीतलं मूल वाचेल. तीच गोष्ट इंग्रजीत पहिल्या स्तराचीच असते, पण ते मूल तिच्यापुढे हात टेकतं. दोनशे अनोळखी शब्दांचं पुस्तक इंग्रजीत नवख्या असलेल्या मुलासाठी पहिल्या पायरीचं कसं असेल? म्हणून मुखपृष्ठावरचा आकडा बाजूला ठेवा आणि पुस्तकं स्वतः लावा.

हे काम दोन शिक्षकांनी शनिवारी दुपारी बसून होतं. प्रत्येक पुस्तक उघडून चार गोष्टी बघायच्या: पानावर शब्द किती, एकच वाक्यरचना पुनःपुन्हा येते का, चित्रातून मुख्य शब्द कळतो का, आणि मुलांना आधीच माहीत असलेले शब्द किती आहेत. पानावर तीन ते सहा शब्द आणि तेच वाक्य फिरून येत असेल तर पहिला गठ्ठा. पानाला एक-दोन छोटी वाक्यं, त्यांत थोडा बदल, तर दुसरा. संवाद आला, भूतकाळातली वेंट, सॉ, टुक अशी रूपं आली की तिसरा. त्यापुढचं सगळं शिक्षकाने वाचून दाखवण्यासाठी. गठ्ठ्यांना रंगीत चिकटपट्टी लावा. पुस्तकाच्या कण्यावर लाल पट्टी असू द्या, मुलाच्या नावापुढे लाल खूण नको. ‘तू लालवाला’ असं एकदा वर्गात म्हटलं गेलं, की ते मूल पुस्तकाला हात लावायला लाजतं. कोणत्याही मुलाला कोणत्याही गठ्ठ्यातलं पुस्तक चाळायची मोकळीक ठेवा. गठ्ठा फक्त त्याच्याकडून वाचून घेताना बघायचा.

माहीत असलेल्या शब्दांबद्दल थोडं थांबून सांगतो, कारण हा आपला सर्वांत मोठा ठेवा आहे आणि तो वापरलाच जात नाही. आपल्या तालुक्यातलं सहा वर्षांचं मूल शाळेत येतं तेव्हा त्याच्या तोंडात इंग्रजी शब्द भरपूर असतात. मोटर, पंप, पाईप, स्टार्टर, लाईट, बॅटरी, ट्रॅक्टर, ट्रॉली, टायर, बस, स्टँड, तिकीट, बॅग, कप, ग्लास, फॅन, डॉक्टर. क्रिकेटने बॅट, बॉल, कॅच, रन, आऊट दिलं आहे. एवढंच काय, ‘बॅट’मधला ॲ सुद्धा दिला आहे. या शब्दांचा अर्थ शिकवावा लागत नाही, फक्त त्यांचं लिहिलेलं रूप दाखवायचं. म्हणून पहिली दहा पुस्तकं वर्गातच तयार करा. एक कोरा कागद तीनदा घडी घालून कापला की आठ पानांची वही होते. प्रत्येक पानावर मुलाने चित्र काढायचं आणि खाली शिक्षकाने इंग्रजी अक्षरांत एकच ओळ लिहायची: आय सी अ बस. आय सी अ ट्रॅक्टर. आय सी अ डॉग. शेवटच्या पानावर आय सी माय आजी. आजी तशीच ठेवा, तिची ग्रँडमदर करू नका. मूल हे पुस्तक पहिल्याच दिवशी वाचतं आणि आपल्याला इंग्रजी वाचता येतं हे त्याला कळतं. कापूस वेचणी, सोयाबीनची रास, परळीला जाणारी बस, आठवडी बाजार, असा प्रत्येक विषय एका पुस्तकाचा. दिवाळीपर्यंत वर्गात तीस पुस्तकांची पेटी तयार होते.

छापील पुस्तक घेतलंत की एका पुस्तकाला चार-पाच दिवस द्या, रोज पंधरा-वीस मिनिटं. पहिल्या दिवशी फक्त चित्रं. हे कोण, काय करतंय, पुढे काय होईल, सगळं मराठीत बोलू द्या. इंग्रजीच्या तासाला मराठी चालणार नाही, हा हट्ट लहान वर्गांत सोडावा. विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला डबा बांधतात, तशी ही मराठी आहे. हात-पाय चालायला लागले की डबा आपोआप सुटतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही इंग्रजीत वाचा, ओळीखाली बोट सरकवत, सावकाश, आवाजात नाट्य आणून. पुस्तक एकच असेल तर सगळी मुलं अर्धवर्तुळात जवळ बसवा, मागच्या बाकावरून काही दिसत नाही. शाळेत टीव्ही किंवा प्रोजेक्टर असेल तर पान मोठं करून लावा. मधूनच ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी थांबा, तो शब्द मुलांना म्हणू द्या. तिसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर सगळ्यांनी वाचायचं. मग पुस्तकातले तीन-चार शब्द फळ्यावर घेऊन आवाज जोडायचे: पहिला आवाज बदलला तर कोणता शब्द होतो, कॅटचा मॅट, मॅटचा रॅट. चौथ्या दिवशी जोड्या. एक वाचतो, दुसरा बोट ठेवतो, मग अदलाबदल. द्विशिक्षकी शाळेत दोन वर्ग एकत्र सांभाळताना हा जोडीचा वेळ फार कामाला येतो. तुम्ही पहिलीला अंक शिकवत असता तेव्हा तिसरीतली मुलं एकमेकांना वाचून दाखवू शकतात.

जुनी पुस्तकं पेटीत परत टाकून विसरू नका. मुलाला वाचून झालेलंच पुस्तक पुन्हा हवं असतं. ते त्याला देत जा. पाठ झालंय म्हणून चिडू नका. त्यातलं एखादं वाक्य वेगळ्या पट्टीवर लिहून दाखवा, म्हणजे वाचतंय की आठवतंय ते कळेल.

पुस्तक जड जातंय हे कसं ओळखायचं? ५० शब्दांमागे एखादाच शब्द अडत असेल तर ते पुस्तक मुलाने एकट्याने वाचावं. दोन-तीन शब्द अडत असतील तर तुमच्यासोबत. त्याहून जास्त अडत असतील तर ते ऐकण्याचं पुस्तक, सध्या खालच्या गठ्ठ्यातलं द्या. वाचून झाल्यावर एक प्रश्न जरूर विचारा: काय झालं गोष्टीत? उत्तर मराठीत चालेल. ‘असर’ सर्वेक्षणाच्या इंग्रजी चाचणीतही मुलाने शब्द किंवा वाक्य वाचलं की अर्थ त्याच्या भाषेत विचारतात, कारण आवाज नीट निघणं आणि अर्थ कळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आठवड्याला पाच-सहा मुलांकडून एकेक पान ऐकून वहीत तारीख, पुस्तक आणि अडलेले शब्द लिहिलेत तरी महिन्यात सगळा वर्ग होतो. याहून मोठा तक्ता करू नका, तो भरण्यातच वाचनाचा वेळ जातो.

मूल चुकलं की लगेच तोडू नका. ओळ पूर्ण होऊ द्या. अर्थ बिघडला असेल तर ‘हे जमतंय का बघ बरं’ एवढंच म्हणा. व्ही आणि डब्ल्यू दोन्ही ‘व’ सारखे म्हटले, तर या वयात दुरुस्तीची गरज नाही. मराठी वळणाचं इंग्रजी हे इंग्रजीच आहे.

एक गोष्ट मात्र ठामपणे बंद करा: इंग्रजी ओळीखाली देवनागरीत उच्चार लिहिणं. गाईडांनी ही सवय लावली आहे आणि पालकांना ती मदत वाटते. देवनागरी दिसली की मुलाची नजर तिच्यावरच जाते, वरची इंग्रजी ओळ वाचलीच जात नाही. हवी तर खाली मराठीत अर्थाची ओळ द्या, तीही पानाच्या मागे.

पुस्तक घरी गेलंच पाहिजे. आईला इंग्रजी येत नाही, बाप रानात असतो, ही अडचण नाही. घरच्यांनी शिकवायचं नसून ऐकायचं आहे. पालकसभेत एवढंच सांगा: लेकराला रोज एक पुस्तक तुम्हाला वाचून दाखवू द्या आणि मग मराठीत गोष्ट सांगायला लावा. घरात मोबाईल असेल तर गुगलचं रीड अलाँग हे ॲप मुलाचं वाचन ऐकून चुकलेला शब्द दाखवतं आणि उतरवून घेतलेल्या गोष्टी नेटशिवायही चालतात. पण त्या पडद्यावर शेजारी बसून ऐकणारं माणूस नसतं, म्हणून ॲप हा जोड म्हणूनच ठेवा.

शेवटी ऊसतोडीचा प्रश्न. आपल्या भागातून दिवाळीनंतर कितीतरी कुटुंबं कारखान्यांवर जातात. काही मुलं हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावात राहतात, काही आईबापांसोबत कोपीवर जातात आणि उन्हाळा लागताना परततात. मधल्या चार-पाच महिन्यांत त्यांचं इंग्रजी वाचन पूर्ण थांबतं आणि आल्यावर आपण त्यांना मागच्या बाकावर बसवतो. या मुलांसाठी दिवाळीच्या सुट्टीआधीच तयारी करा. त्यांनी वर्गात वाचलेली चार पुस्तकं, न वाचलेली दोन आणि स्वतः बनवलेलं एक, अशी सात पुस्तकं एका कापडी पिशवीत घालून द्या. नोंदवहीत सही घेऊ नका, हरवल्यास भरपाई मागू नका. छापलेल्या प्रतीला थोडे रुपये लागतात, आणि तीन पुस्तकं उसाच्या फडात राहिली तरी चार परत येतील. केंद्राच्या पुढच्या शिक्षण परिषदेत हा विषय मांडा, दोन-तीन शाळांनी मिळून छपाई करा आणि या वर्षी तुमच्या वर्गातून जाणाऱ्या प्रत्येक मुलाच्या हातात ती पिशवी द्या.